सव्वा महिना

भालचंद्र कोळपकरांच्या दुकानात चाळीस वर्षांत एकही बांगडी फुटली नाही.

म्हणजे भरताना कडकन आवाज व्हायचा, काचा सतरंजीवर पडायच्या, कधी बाईच्या मनगटावर रक्ताचा ठिपकाही उमटायचा. पण कोळपकर शांतपणे म्हणायचे, "वाढवली हो एक. थांबा, दुसरी घालतो." कासाराच्या तोंडून 'फुटली' हा शब्द निघाला तर समोरच्या सवाष्णीच्या काळजात धस्स होतं आणि ती पुढच्या वेळी दुसरा कासार बघते. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, बांगडी वाढवायची. मोडण्याच्या, फोडण्याच्या, संपण्याच्या गोष्टींना आपण मराठी माणसांनी हे एकच गोंडस टोपडं घालून ठेवलंय, आणि फलटणच्या त्या गल्लीत तर ते टोपडं काढायची कुणाची छाती नव्हती.

बाकी दुकान पार बदललं होतं. भिंतीवर बांगड्यांचे तोडे टांगलेले नसत. गिऱ्हाईक आलं की एका काचेच्या पेटीत हात घालायचं. पेटीतला प्रकाश बोटांची पेरं, अंगठ्याखालचा उंचवटा, मूठ आवळल्यावर हात किती बारीक होतो, सगळं मोजायचा, आणि मागच्या खोलीतली लहानशी भट्टी वीस मिनिटांत नेमक्या त्या हाताच्या बांगड्या ओतून द्यायची. बांगड्या भरायच्या मात्र कोळपकरांनीच. भरून झाल्या की बाई वाकून नमस्कार करायची, तेही पूर्वीसारखंच. तंत्रज्ञानाने नमस्काराला अजून पर्याय काढलेला नाही.

ही मापं घरच्या कॉम्प्युटरमध्ये असत. कोळपकर त्यांना 'हातांची वही' म्हणत. कारण मुळात ती वहीच होती, वडिलांच्या वेळची, पेन्सिलीने हात आखलेली. तिला वाळवी लागली तेव्हा त्यांच्या बायकोने, कुमुदने, रोज दुपारी बसून एकेक पान कॉम्प्युटरवर चढवलं. दोन वर्षं लागली. पुढे वही वाळवीने संपवली, आणि बारा वर्षांपूर्वी कुमुदही गेली. वहीत अकरा हजारांवर हात होते. कितीतरी बायका आता जगात नव्हत्या. त्यांच्या मुली यायच्या आणि आवाज बारीक करून म्हणायच्या, "काका, आईच्या मापाची एक मिळेल का? घालायला नको, नुसती जवळ ठेवायला." कोळपकर ती ओतून द्यायचे. ही वही गेली तर आपण नुसते भट्टीवाले उरू, असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंच होतं.

म्हणूनच त्यांच्या मुलीने, ऋजुताने, गेल्या दिवाळीत घरात राखण बसवली.

ऋजुता हैदराबादला एका मोठ्या इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळायची. वय एकेचाळीस, बोलणं मोजकं आणि सरळ. सरळ म्हणजे इतकं सरळ की कोळपकरांना ते कानात टोचायचं.

"अप्पा, पूर्वी अँटिव्हायरस असायचं ना, ते म्हणजे चौकीवर लावलेले चोरांचे फोटो," ती टेबलाखाली वाकून वायर जोडता जोडता सांगत होती. "फोटोतला चोर आला की पकडायचा. आता चोरच हुशार झालेत. हे जे वर्म फिरतायत, किडे, ते दर घरी स्वतःला नव्याने लिहून घेतात. तुमच्याकडे येणारा किडा जगात दुसऱ्या कुणी पाहिलेलाच नसतो. मग फोटो कुठून लावणार? आत शिरला की सगळ्या फाइलींना कुलूप लावतो आणि खंडणी मागतो."

"मग ही तुझी राखण काय करते?"

"शरीर करतं तेच. आपल्या छातीत वरच्या बाजूला थायमस नावाची ग्रंथी असते. पांढऱ्या पेशींची शाळा म्हणा. तिथे त्यांच्याकडून एकच धडा घोकून घेतात, हे आपलं, हेही आपलं, याला हात लावायचा नाही. पास झालेल्या पेशी बाहेर पडतात आणि जे आपलं वाटत नाही त्याच्यावर तुटून पडतात. चोर कसा दिसतो हे त्यांना माहीत नसतं. घर कसं आहे तेवढं माहीत असतं. राखणही घर शिकते. तुम्ही कळा कशा दाबता, कधी बसता, कसं बोलता, कोणते शब्द वापरता. फोनही तिच्यातूनच येणार. आपला आवाज असला तर हिरवा दिवा. परका वाटला तर तुम्हाला त्रास न देता ती परस्पर परतवेल."

"शिकायला किती दिवस?"

"चाळीसेक."

"म्हणजे सव्वा महिना. बाळंतिणीसारखं."

ऋजुता हसली. "तसंच. तेवढे दिवस घरातली सगळी माणसं घरात हवीत. आणि हे बघा, राखण असली तरी दर सोमवारी सगळ्याची एक प्रत या डिस्कवर घ्यायची आणि वायर काढून डिस्क कपाटात ठेवायची. ज्याला वायर नाही त्याला किडा लागत नाही. हे जुनं औषध आहे, पण याच्यासारखं दुसरं नाही."

ती महिनाभराची रजा काढून आली होती. राहिली चार दिवस.

झालं ते असं. चौथ्या दिवशी दुकानात गर्दी होती, म्हणून ती मदतीला बसली. भट्टीतून आलेला डबा उतरवताना एक बांगडी तिच्या हातून निसटली. "अप्पा, एक फुटली," ती म्हणाली. समोर नवी नवरी बसलेली. कोळपकर सगळ्यांदेखत खेकसले, "वाढवली म्हण! कासाराची मुलगी ना तू?"

ती काचा वेचू लागली. पण तिचा चेहरा कोळपकरांच्या ओळखीचा होता. तो त्यांनी बत्तीस वर्षांपूर्वी एकदा पाहिला होता.

तेव्हा कोळपकरांचे वडील वारले होते. तेराव्याच्या आत रीतीप्रमाणे आईच्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या होत्या, आणि ते काम घरच्याच कासाराकडे आलं होतं. आईचे हात जात्याच्या पाळीवर ठेवले होते. काम झाल्यावर एक आत्या जमलेल्या बायकांना सांगत होती, "वैनीच्या बांगड्या वाढवल्या हो." नऊ वर्षांची ऋजुता दारातून ओरडली, "वाढवल्या नाहीत! फोडल्या! आजी रडत होती आणि अप्पांनी फोडल्या!" कोळपकरांनी उठून तिच्या थोबाडीत मारली होती. त्यांनी तिच्यावर हात उचलला तो तेवढाच एकदा. पुढे ती रीत गेली, गावोगाव ठराव झाले, कोळपकरांनी स्वतः गल्लीच्या ठरावावर पहिली सही केली. पण त्या दिवसापासून ऋजुताने बांगडी घातली नाही, आणि 'वाढवणे' हा शब्द तिच्या तोंडात पुन्हा कधी आला नाही. भाजीसुद्धा ती 'वाढत' नसे, 'घालू का' म्हणायची.

दिवाळीतल्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. दारातून म्हणाली, "जाते." 'येते' सुद्धा म्हणाली नाही. राखणीचा सव्वा महिना मग एकट्या कोळपकरांच्या सहवासात पुरा झाला. एक म्हातारा, त्याची गिऱ्हाइकं, आणि दिवसातून शंभर वेळा 'वाढवली हो'. यंत्र गुणी होतं. जे कानावर पडलं ते चोख शिकलं.

दर रविवारी ऋजुताचा फोन मात्र यायचा. औषधं घेतली का, डिस्क काढून ठेवली का, बरं ठेवते. ज्येष्ठापर्यंत आला. आषाढात तो थांबला.

एक रविवार गेला, दोन गेले. कोळपकरांनी ठरवलं की मुलगी रुसली आहे, आणि रुसलेल्या माणसाने आधी फोन करावा. मोडेन पण वाकणार नाही ही म्हण ते अर्थातच मोठ्याने म्हणत नसत, पण जगत तसेच होते. समोर नजमाचं शिवणकामाचं दुकान होतं. ती एकदा आडून म्हणाली, "भाऊ, पोरीला फोन लावा की." कोळपकर म्हणाले, "तिला बोटं नाहीत का?" नजमा मान हलवून आत गेली.

श्रावणात एका दुपारी हिरवा दिवा लागला.

"अप्पा, जेवलात का? दुकान वाढवलंत ना दुपारचं?"

ऋजुताचा आवाज. रेंज बरी नाही, चेहरा दिसायचा नाही, म्हणाली. राग आला होता, आता गेला, म्हणाली. त्यानंतर रोज दुपारी फोन. काय जेवलात, गुडघा कसा आहे, कुणाकुणाला बांगड्या भरल्यात. मुलगी अशी बोलते हे कोळपकर विसरून गेले होते. खरं सांगायचं तर ती अशी कधी बोललीच नव्हती, पण सुखात माणूस इतका जुना हिशेब कुठे काढतो? ते जेवण लवकर उरकून कॉम्प्युटरपाशी बसू लागले. दुपारची झोप गेली, तरी चेहऱ्यावर तुकतुकी आली.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, "अप्पा, तुमच्या राखणीत एक दोष निघालाय. नवी बसवायला हवी. उद्या दुपारी दहा मिनिटं तिला झोपवायचं, मी इथून करते सगळं. ती कपाटातली डिस्कपण जोडून ठेवा, म्हणजे तिलाही संरक्षण होईल."

"काय करायचं मी?"

"दुकान बंद करताना म्हणता तसंच. अंगठा ठेवायचा आणि म्हणायचं, राखण, वाढव."

दुसऱ्या दिवशी कोळपकरांनी डिस्क जोडली. पडद्यावर अंगठ्याची खूण उमटली. हिरवा दिवा जळत होता. पण अंगठा ठेवण्याआधी त्यांना काहीतरी बोलायचं होतं. अकरा दिवस ते जिभेवर घोळत होतं. बत्तीस वर्षं म्हटलं तरी चालेल.

"बाळा, एक सांगू? आजीच्या वेळी... त्या बांगड्या वाढवल्या तेव्हा मी तुला मारलं. चुकलं माझं. कधी म्हणालो नाही."

मग तो मऊ आवाज आला. "अहो अप्पा, एवढं काय मनात ठेवलंत? मी केव्हाच विसरले. आजीच्या बांगड्या वाढवल्या तेव्हा मी किती लहान होते! तुम्ही रीतीप्रमाणेच केलंत ना?"

कोळपकरांचे डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, अंगठाही पुसला, आणि पडद्याकडे नेला.

आणि तो तिथेच थांबला.

"काय म्हणालीस बाळा?" त्यांनी विचारलं. "पुन्हा म्हण."

"म्हटलं, आजीच्या बांगड्या वाढवल्या तेव्हा मी लहान होते."

आवाज तोच होता. नाकातून किंचित येणारा 'न' सुद्धा तोच. माफी होती, माया होती, या वयात बापाला हवं असतं ते सगळं होतं. एकच शब्द होता, जो त्यांच्या मुलीने थोबाडीत खाऊनही उच्चारला नव्हता. ऋजुता हे वाक्य ऐकून फोन आपटेल, रडेल, भांडेल. 'वाढवल्या' म्हणणार नाही. मेली तरी म्हणणार नाही.

कोळपकर नुसते बसून राहिले. कुणाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी त्यांना वहीची आठवण नव्हती. त्यांना वाटत होतं, आपल्याला काही कळलंच नाही असं धरून चालावं. अंगठा ठेवला तर ही उद्या पुन्हा जेवलात का विचारेल. न ठेवला तर उरणार आहे ती खरी, जिने सहा आठवडे फोन केलेला नाही आणि जिने माफ केलेलं नाही.

"अप्पा? ठेवताय ना अंगठा? वेळ जातोय."

त्यांनी हात खाली नेला आणि डिस्कची वायर उपटली. मग उठून भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. "अप्पा, असं का..." एवढं ऐकू आलं. हिरवा दिवा अगदी शेवटपर्यंत हिरवाच होता.

पायांत चप्पल न घालता ते रस्ता ओलांडून नजमाच्या दुकानात शिरले. "नजमा, तुझा फोन दे. ऋजुताला लाव."

दोन घंटांत फोन उचलला गेला. "मावशी? काय झालं? अप्पा बरे आहेत ना?"

"मी बोलतोय."

"अप्पा!" मग एकदम चढलेला, चिरका, ओळखीचा आवाज. "काय चाललंय काय तुमचं? दर रविवारी लावतेय मी. दर वेळी 'परका आवाज' म्हणून परत! मला वाटलं तुम्हीच राखणीला सांगितलंत, हिला आत घेऊ नको म्हणून!"

कोळपकरांनी नजमाकडे पाहिलं. नजमा मशीनवरचं कापड सरळ करू लागली. "मला दोनदा फोन आला होता तिचा," ती पुटपुटली. "तुम्ही ठीक आहात का एवढंच विचारायची. तुम्हाला सांगू नका म्हणाली. तुम्ही बापलेक सारखेच!"

कोळपकरांनी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ऋजुता बोलू लागली.

"आवाज माझ्या एका भाषणातून उचलला असेल. त्याला दोन मिनिटांची टेप पुरते. शब्द मात्र तुमचे आहेत, अप्पा. हा किडा आरशासारखा असतो. समोरचा बोलतो ते टिपतो आणि गोड करून त्यालाच परत देतो. पहिल्या फोनला 'दुकान वाढवलं' म्हणाला, तेही गावच्या दुकानदारांकडून उचलून. राखणीने हिरवा दिवा दिला, कारण या घरात असं बोलतात, तिचं बरोबरच आहे. मी तसं बोलत नाही. आषाढात या किड्यांची साथ आली तेव्हा सगळ्या राखणी कडक झाल्या, आणि तुमच्या राखणीने मला बाहेर काढलं. शरीरातही होतं असं. पेशी पाठांतराला इतक्या पक्क्या होतात की आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. सव्वा महिना मी तिथे असते तर हे झालं नसतं." ती थांबली. "पण राखण फसली, मग तुम्ही कसं ओळखलंत?"

नजमाने मशीन थांबवलं होतं.

"ती 'वाढवल्या' म्हणाली," कोळपकर म्हणाले. "आजीच्या बांगड्या."

फोनवरून अगदी हळू आलं, "मी नाही म्हणत तसं."

"माहीत आहे."

तिसऱ्या दिवशी ऋजुता आली. या वेळची बॅग मोठी होती, पण कोळपकरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही, विचारून ती लहान व्हायला नको. तिने दुपारभर खपून कॉम्प्युटर तपासला. वही शाबूत होती. अकरा हजार हात जिथल्या तिथे होते, त्यात पाच वर्षांच्या ऋजुताचा पेन्सिलीने आखलेला हातही. तो पडद्यावर आल्यावर ती थोडा वेळ बघत बसली.

"राखण पुसून टाकत नाही," ती म्हणाली. "शिकलीय ते राहू दे. पण तिचं शिक्षण पुन्हा उघडते. आजपासून चाळीस दिवस. सगळ्यांनी बोलायचं, जसं खरंच बोलतो तसं. तुम्ही सुरू करा."

"काय बोलू?"

"काहीही."

कोळपकर खुर्ची ओढून बसले. चुळबुळ केली. घसा खाकरला. दुकान दुपारचं बंद होतं, गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं.

"माझ्या आईच्या बांगड्या," ते म्हणाले आणि थांबले. चाळीस वर्षांची जीभ वळत नव्हती. "माझ्या आईच्या बांगड्या वाढवल्या नव्हत्या. फोडल्या होत्या. मी फोडल्या. ती नको म्हणत होती. माझी मुलगी खरं बोलली, म्हणून मी तिला मारलं."

हिरवा दिवा विझून पिवळा लागला. राखणीचा सौम्य आवाज आला, "हा आवाज या घरातला वाटत नाही. नोंद करायची असल्यास घरातल्या दुसऱ्या माणसाने ओळख द्यावी."

कोळपकर ओशाळे होऊन मुलीकडे बघू लागले. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत ते परके ठरले होते. ऋजुताला हसूही आलं आणि रडूही. तिने पुढे वाकून त्यांचा हात धरला, हजारो हातांना बांगड्या भरलेला तो खरखरीत हात, आणि पिवळ्या दिव्याकडे तोंड करून स्पष्ट शब्दांत म्हणाली,

"माझे वडील आहेत."